डाकणींचे पारखी

सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसविलेल्या जयपूर नगरात सूर्याच्या सावलीवरून वेळ मोजणारे प्रचंड सम्राटयंत्र आजही उभे आहे. ज्या राजाने आपल्या राजधानीच्या मध्यभागी ग्रहताऱ्यांचा हिशेब मांडण्यासाठी दगडी वेधशाळा बांधली, त्याच्याच नगरात २०१५ च्या एप्रिल महिन्यात राजस्थानच्या विधानसभेने एक विधेयक संमत केले. त्याचे नाव ‘राजस्थान डायन-प्रताडना निवारण अधिनियम’. एखाद्या स्त्रीला डाकण ठरवून तिचा छळ करणे हा या कायद्याने स्वतंत्र गुन्हा झाला. वेधशाळेच्या नगरात एकविसाव्या शतकात असा कायदा करावा लागावा, याचे कोणास नवल वाटेल, कोणास लाजही वाटेल. परंतु नवल आणि लाज या दोहोंच्या पलीकडे जाऊन हा प्रश्न पाहण्यासारखा आहे. डाकणीची भीती माणसाच्या मनात कशी येते, हे सहज समजते. त्या भीतीचे रूपांतर हत्येत कधी होते आणि कशामुळे होते, हे मात्र इतक्या सहज समजत नाही.

मेवाडच्या डोंगराळ मुलखात, भिलवाडा, उदयपूर, राजसमंद, डुंगरपूर, बांसवाडा या जिल्ह्यांत, ‘डाकण’ हा शब्द जुना आहे. घटनेचा क्रम बहुधा ठरलेला असतो. पाड्यावर एखादे मूल तापाने फणफणते, दुभत्या म्हशीचे दूध अचानक आटते, नाही तर धडधाकट माणूस दोन दिवसांत मरतो. घरचे लोक भोप्याकडे जातात. भोपा हा देवाचा पुजारी आणि अंगात वारे घेणारा. तो घुमतो, दाणे टाकतो, आणि शेवटी एका दिशेकडे, एका घराकडे, एका नावाकडे बोट दाखवितो. ते नाव पुष्कळदा विधवेचे असते. मूलबाळ नसलेल्या बाईचे असते. ज्या बाईच्या नावावर दोन बिघे जमीन आहे आणि जिच्या पाठीशी उभा राहील असा भाऊ किंवा मुलगा नाही, अशा बाईचे असते. एकदा नाव उच्चारले गेले, की तिचे पाणी बंद होते. मग मारहाण होते, तापल्या लोखंडाचे डाग दिले जातात, विवस्त्र धिंड निघते. ज्या जिवंत सुटतात, त्यांना गाव सोडावे लागते.

‘हे सारे अज्ञानाचे फळ’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. अज्ञान तर गावात बारा महिने असते. तरीही दहा वर्षे कोणाच्या अंगाला हात लागत नाही आणि अकराव्या वर्षी एका स्त्रीचा बळी पडतो. त्या एका वर्षी निराळे काय घडते? ते समजून घेण्यासाठी थोडा वेळ राजस्थान सोडून दूर, साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये जावे लागेल. तेथे घेऊन जाणारा एक चित्रपटही आहे.

१९६८ साली मायकेल रीव्ह्ज या अवघ्या चोवीस वर्षांच्या दिग्दर्शकाने ‘विचफाइंडर जनरल’ नावाचा इंग्रजी चित्रपट काढला. रोनाल्ड बॅसेट यांच्या कादंबरीवर तो आधारलेला होता. गणना त्याची भयपटात होते, पण त्यात भूत नाही, पिशाच नाही, जादूचा एकही प्रसंग नाही. काळ १६४५ चा. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलेले. हिरव्यागार, शांत दिसणाऱ्या प्रदेशातून मॅथ्यू हॉपकिन्स नावाचा मनुष्य आपल्या साथीदाराबरोबर घोड्यावरून गावोगाव हिंडतो आहे. चेटकिणी शोधून काढणे हा त्याचा धंदा. व्हिन्सेंट प्राइस या नटाने ही भूमिका केली. त्याचा हॉपकिन्स फारसा ओरडत नाही, रागावतही नाही. एखाद्या चोख कारकुनाप्रमाणे तो माणसे फासावर चढवितो आणि आपले पैसे मोजून घेतो. चित्रपट पाहणाऱ्याला भीती वाटते ती या थंडपणाची.

हॉपकिन्स हा कादंबरीकाराने कल्पिलेला पुरुष नव्हे. तो खरोखरच होऊन गेला. प्युरिटन धर्मोपदेशकाचा हा मुलगा एसेक्समधील मॅनिंगट्री या गावी राहत असे. राजाने किंवा पार्लमेंटने त्याला कधीही कोणत्या अधिकारपदावर नेमले नव्हते. ‘चेटकिणींचा महाशोधक’ ही पदवी त्याची त्यानेच घेतलेली. त्याचा पहिला बळी म्हणजे एलिझाबेथ क्लार्क, ऐंशीच्या घरातील, एका पायाने अधू असलेली निर्धन वृद्धा. इंग्लंडच्या कायद्याने छळ करून जबानी घेण्यास मनाई होती. म्हणून हॉपकिन्सने असे मार्ग शोधले, की ज्यांना छळ हे नाव देता येऊ नये. संशयितेला रात्रीमागून रात्री जागे ठेवावयाचे, पाय सुजेपर्यंत चालवावयाचे, अंगावर सुया टोचून न दुखणारी जागा शोधावयाची. बांधून पाण्यात टाकावयाचे. तरंगली तर चेटकीण, बुडाली तर निर्दोष. चौथ्यापाचव्या रात्री झोपेवाचून भ्रमिष्ट झालेली म्हातारी पाहिजे ते कबूल करी आणि आणखी चारजणींची नावे सांगे. त्या चारजणी आणखी नावे सांगत. १६४५ च्या जुलैमध्ये चेम्सफर्ड येथे तीसहून अधिक स्त्रिया आरोपी म्हणून उभ्या होत्या.

त्या खटल्यातील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. एरव्ही अशा खटल्यांसाठी लंडनहून कायदेपंडित न्यायाधीश ठरलेल्या फेरीवर येत असत. युद्धामुळे ती फेरी विस्कळीत झाली होती. चेम्सफर्डला अध्यक्षस्थानी होता तो अर्ल ऑफ वॉरिक, एक दर्यावर्दी सरदार, न्यायाधीश नव्हे. चेटूक हा गुन्हा ठरविणारा कायदा १६०४ पासून होताच, परंतु शांततेच्या काळात अनुभवी न्यायाधीश पुरावा मागत आणि पुष्कळ आरोपी सुटत. माणसांची श्रद्धा १६३५ सालीही तीच होती आणि १६४५ सालीही तीच. मधल्या काळात रिकामे झाले होते ते न्यायासन. त्या रिकाम्या जागी जो पहिला आत्मविश्वासाने बोलू लागला, त्यालाच लोकांनी अधिकारी मानले.

या उद्योगाचा हिशेबही शिल्लक आहे. स्टोमार्केट या लहानशा गावाने हॉपकिन्स आणि त्याच्या माणसांवर तेवीस पौंड खर्च केले. शेतमजुराच्या वर्षभराच्या कमाईहून ही रक्कम अधिक होती. इप्सविच शहराला या कामासाठी वेगळी पट्टी बसवावी लागली. ब्रँडेस्टनचा धर्मोपदेशक जॉन लोव्ह्ज ऐंशी वर्षांचा होता आणि गावकऱ्यांशी त्याचे जुने वाद होते. त्याला अनेक रात्री जागे ठेवून दम तुटेपर्यंत पळविले, तेव्हा त्याने आपण चेटूक करून समुद्रात एक जहाज बुडविल्याचे कबूल केले. त्या दिवशी खरोखर एखादे जहाज बुडाले होते काय, एवढी साधी चौकशीही कोणी केली नाही. फाशीच्या वेळी त्याला दुसरा धर्मोपदेशक मिळाला नाही. आपल्या अंत्यसंस्काराची प्रार्थना त्याने स्वतःच म्हटली. दोन वर्षांच्या आत या एका मोहिमेत शंभरांहून अधिक माणसे मेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

ही मोहीम थांबली कशी, याचे उत्तर चित्रपट एका प्रकारे देतो आणि इतिहास निराळ्या प्रकारे. चित्रपटात एक तरुण सैनिक सूडाने पेटून हॉपकिन्सवर कुऱ्हाडीचे घाव घालतो. त्याच्याच सोबत्याने गोळी घालून हॉपकिन्सला संपविल्यावर तो वेड्यासारखा ओरडतो, की माझ्या हातून त्याला हिरावून घेतले. त्याच्या प्रेयसीच्या किंकाळ्यांवर चित्रपट संपतो. पारख्याला मारणाराही पारख्यासारखाच होऊन गेला, एवढे दाखवून दिग्दर्शक थांबतो. पुढच्याच वर्षी, पंचविसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. इतिहासाच्या तपशिलात चित्रपटाने सूटही बरीच घेतली आहे. त्यात चेटकीण म्हणून एका स्त्रीला जिवंत जाळल्याचे दृश्य आहे; इंग्लंडमध्ये चेटकाची शिक्षा सर्वसाधारणपणे फाशीची होती.

इतिहासातील हॉपकिन्स कुऱ्हाडीने मेला नाही. १६४७ च्या ऑगस्टमध्ये तो आपल्याच गावी, बहुधा क्षयाने, मेला. पण त्याआधीच त्याची सद्दी संपत आली होती. ग्रेट स्टॉटन गावचा धर्मोपदेशक जॉन गॉल याने व्यासपीठावरून त्याच्याविरुद्ध प्रवचन केले आणि १६४६ मध्ये पुस्तक लिहून विचारले, की प्रत्येक सुरकुतलेल्या चेहऱ्याची म्हातारी चेटकीण मानावयाची काय? गॉल चेटूक मानीत नव्हता असे नाही. पुराव्यावाचून माणूस मारणे त्याला मान्य नव्हते, इतकेच. युद्ध ओसरले, न्यायाधीश पुन्हा फेरीवर निघाले, आणि १६४७ मध्ये नॉरफोकच्या न्यायासनापुढे हॉपकिन्सच्या पद्धतीविषयी आणि त्याच्या फीविषयी प्रश्न विचारले गेले. त्यांना उत्तर म्हणून त्याला आपली छोटी पुस्तिका छापावी लागली. काल गावेच्या गावे ज्याला आमंत्रण धाडीत होती, त्याला आज जाब द्यावा लागत होता. न्यूटनचा जन्म १६४२ चा, हॉपकिन्सचा सुळसुळाट झाला तेव्हा तो तीन वर्षांचा होता. गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत जगापुढे यावयास अजून चाळीस वर्षे होती. लोकांचे विज्ञान वाढण्यापूर्वीच हत्या थांबल्या. कारण न्यायाधीश परत आले होते.

ही दृष्टी घेऊन राजपुतान्याकडे परतले, म्हणजे येथील इतिहासही निराळा दिसू लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माळवा आणि राजपुताना यांवरून शिंदे-होळकरांच्या फौजा, अमीरखानाचे पठाण आणि पेंढारी यांचे लोंढे गेले. त्या काळाला त्या मुलखातील लोक ‘गर्दी का वक्त’ म्हणत. आमच्या मराठी बखरींतही गर्दी म्हणजे धामधूम, बेबंदी. त्या गर्दीत मराठी नावांचा वाटा मोठा होता, हे मराठी माणसाने विसरू नये. १८१८ मध्ये ती संपल्यावर सर जॉन माल्कमने मध्य हिंदुस्थानचे जे वर्णन लिहून १८२३ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात डाकण ठरवून मारल्या गेलेल्या स्त्रियांची हकिकत आहे. उद्ध्वस्त गावात, जेथे ना कमाविसदार ना ठाणेदार, तेथे संकटाचे कारण सांगणारा एकटा भोपाच उरला असल्यास त्यात आश्चर्य नाही.

१८५७ च्या उठावात हेच पुन्हा एकदा, अधिक स्पष्ट दिसले. छोटा नागपूरमध्ये रामगड पलटण बिघडली आणि इंग्रज अधिकारी आपापली ठाणी सोडून गेले. त्या मधल्या काळात सिंहभूमच्या आदिवासी गावांत डाकीण ठरवून माणसे मारण्याचे प्रकार पुन्हा उफाळून आले, हे इतिहासकारांनी कागदपत्रांवरून दाखविले आहे. एसेक्स आणि सिंहभूम यांत भाषेचे, धर्माचे, रीतिरिवाजाचे काहीही साम्य नाही. साम्य एवढेच, की दोन्हीकडे न्यायासन रिकामे झाले होते.

मेवाडमध्ये १८५३ साली महाराणा स्वरूपसिंह याने या प्रथेविरुद्ध मनाई केली. खेरवाडा येथील मेवाड भील कोर या पलटणीच्या इंग्रज अधिकाऱ्यांचा त्यासाठी आग्रह होता. राजस्थानात या प्रथेविरुद्धची ही पहिली ठळक राजाज्ञा म्हणून शाळेतील मुलांनाही आज तिचे साल पाठ असते. परंतु आज्ञा निघाली म्हणून प्रथा संपली नाही. उलट १८८१ मध्ये मेवाडचे भील बंड करून उठले, तेव्हा शिरगणती आणि नवे कर यांच्याबरोबर डाकणी मारण्यास घातलेली बंदी हेही त्यांच्या रागाचे एक कारण होते.

या रागाला हसू नये. भिलाच्या बाजूने पाहिले तर राज्याने केले काय? त्याच्या तापलेल्या मुलाला औषध दिले नाही, आटलेल्या म्हशीचे कारण सांगितले नाही, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे जो एक उपाय होता तोही हिरावून घेतला. अशा माणसाला राज्य डाकणीचे पाठीराखे वाटले, तर त्याचा तर्क चुकीचा असला तरी त्याचे दुःख खोटे नव्हते. न्यायासन भरावयाचे म्हणजे तेथे केवळ शिपाई बसवावयाचा नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर भोपा खोटे देतो, त्याच प्रश्नाचे खरे उत्तर देणारा माणूस तेथे असावा लागतो.

जयपूरच्या २०१५ च्या कायद्याकडे या प्रकाशात पाहावयास हवे. स्त्रीला डाकण ठरवून छळणाऱ्यास एक ते पाच वर्षांची कैद, धिंड काढली किंवा अभक्ष्य वस्तू खावयास लावली तर त्याहून जबर शिक्षा, आणि या छळापायी मृत्यू घडला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा, असे त्याचे स्वरूप आहे. त्यातील दोन गोष्टी विशेष आहेत. पहिली ही, की हा कायदा मारणाऱ्या हाताबरोबर दाखविणाऱ्या बोटालाही पकडतो. डाकण ओळखण्याची किंवा उतरविण्याची विद्या आपणाजवळ आहे असा दावा करणारा भोपा स्वतंत्रपणे गुन्हेगार ठरतो. दुसरी, सामुदायिक दंडाची तरतूद. ज्या वस्तीने मिळून पाप केले किंवा डोळ्यांदेखत होऊ दिले, त्या वस्तीवर सरकार दंड बसवू शकते, आणि तो पैसा पीडितेच्या पुनर्वसनाच्या कामी येऊ शकतो. इप्सविचने हॉपकिन्ससाठी पट्टी बसविली होती. येथे पट्टीची दिशा उलट केली आहे.

असे कायदे करणारे राजस्थान एकटे नाही. बिहारने १९९९ मध्ये, झारखंडने २००१ मध्ये, छत्तीसगडने २००५ मध्ये आणि ओरिसाने २०१३ मध्ये असे कायदे केले. महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यातही एखाद्यावर करणीचा, चेटकाचा आळ घेऊन त्याचे जगणे कठीण करणे हा गुन्हा आहे. सातपुड्याच्या कुशीतील नंदुरबारच्या पाड्यांवर ‘डाकीण’ हा शब्द अजून परका झालेला नाही. २००१ ते २०१४ या चौदा वर्षांत देशभर चेटकाच्या संशयावरून झालेल्या हत्यांची सरकारी गुन्हेनोंद दोन हजारांच्या वर जाते. नोंद न झालेल्या वेगळ्या.

यादवी नाही, पेंढारी नाहीत, न्यायालये चालू आहेत. तरीही हे घडते. याचा अर्थ, न्यायासन राजधानीत भरलेले असूनही पाड्यावर रिकामे असू शकते. जेथून पोलीस ठाणे वीस कोसांवर आहे, आरोग्यकेंद्राची इमारत आहे पण डॉक्टर नाही, आणि साक्षीदाराला ज्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावयाची त्यांच्याच विहिरीवर पाणी भरावयाचे आहे, तेथे लहान प्रमाणावर १६४५ साल चालूच असते. जमिनीचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कक्षेतून अनुसूचित जमाती वगळलेल्या आहेत. त्यामुळे विधवेचा जमिनीवरील हक्क रूढीच्या दयेवर राहिला, आणि रूढी सांगणारे बहुधा तेच असतात, ज्यांना ती जमीन हवी असते. भोप्याचे बोट ज्या घराकडे वळते, त्या घराचा सातबारा पाहणे हे तपासाचे पहिले काम ठरावे.

तरी आशेला जागा आहे, ती माणसांमुळे आहे. झारखंडच्या सरायकेला भागातील छुटनी महतो यांना १९९५ मध्ये डाकीण ठरवून गावाने छळले. त्या वाचल्या, उभ्या राहिल्या, आणि पुढे आपल्यासारख्याच पिडलेल्या स्त्रियांना आधार देण्यात त्यांनी आयुष्य वेचले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जॉन गॉलने आपल्या गावात जे केले, तेच काम त्यांनी केले: जेथे सारे गप्प होते, तेथे ‘पुरावा काय?’ असे विचारले. एखादी शिक्षिका, एखादा पाटील, दवाखान्यातील एखादी परिचारिका हे विचारू शकते. पहिल्या दिवशी विचारलेला हा प्रश्न दहाव्या दिवशीच्या पोलीस बंदोबस्तापेक्षा अधिक मोलाचा असतो.

स्टोमार्केटच्या हिशेबात तेवीस पौंडांची ती ओळ आजही वाचता येते. ज्यांच्यासाठी तो पैसा गेला, त्या स्त्रियांच्या थडग्यांचा मात्र पत्ता नाही. मेवाडच्या एखाद्या तहसिलीत पटवाऱ्याच्या वहीत एका विधवेचे नाव तिच्या दोन बिघ्यांसमोर लिहिलेले आहे, आणि ती स्वतः मात्र तीन वर्षे माहेरच्या गावी किंवा शहरातील बांधकामावर दिवस काढीत आहे, असे चित्र विरळ नाही. जयपूरला संमत झालेल्या कायद्याचे यश किती खटले उभे राहिले एवढ्यावर मोजता येणार नाही. ती बाई परत आली काय, त्याच विहिरीवर पाणी भरू लागली काय, आणि पुढच्या पावसाळ्यात शेजारचे मूल तापाने फणफणले, तेव्हा त्याची आई भोप्याकडे न जाता दवाखान्याकडे वळली काय, आणि तेथे तिला दार उघडे मिळाले काय, यावर ते ठरावयाचे आहे.